फिक्सी घेताय? आधी मागची खाच बघा

फिक्स्ड गिअर सायकल बांधायची ठरली की बहुतेक जण आधी रंग ठरवतात. मग रिम, मग हँडल, मग हँडलवरची टेप. फ्रेम जी स्वस्तात मिळेल ती उचलली जाते आणि कुलूप सगळ्यात शेवटी, खिशात उरलेल्या दोन-तीनशे रुपयांत येतं. हा क्रम उलटा केला तर पैसेही कमी लागतात आणि सायकलही टिकते. फ्रेमचं माप आणि मागच्या चाकाची खाच या दोन गोष्टींत तडजोड करायची नाही. बाकी जवळजवळ सगळ्यात करायची, आणि वाचलेले पैसे कुलपात घालायचे.

फिक्सी न चालवलेल्यांसाठी थोडक्यात. आपल्या साध्या सायकलीच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं, म्हणून पाय थांबले तरी चाक फिरतं आणि उतारावर ती ओळखीची टकटक ऐकू येते. फिक्सीत फ्रीव्हीलच नसतं. दातेरी चक्र थेट हबवर आवळलेलं असतं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार आणि पेडलबरोबर पाय. वेग कमी करायचा तर पायांनी मागे रेटायचं. ही मूळची वेलोड्रोमवरच्या शर्यतींची रचना. जपानमध्ये १९४८ पासून केइरिनच्या पैजेच्या शर्यती याच सायकलींवर होतात, पुण्यात बालेवाडीच्या ट्रॅकवरही अशाच सायकली पळतात. न्यूयॉर्कच्या कुरिअरवाल्यांनी त्या रस्त्यावर आणल्या, कारण मोडण्यासारखं त्यांत फार काही नव्हतं.

आता खाचेकडे. मागच्या चाकाचा आस फ्रेमच्या ज्या फटीत बसतो तिला दुकानात ड्रॉपआउट म्हणतात. गिअरच्या सायकलीत डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, चेनचा ढिलेपणा खाऊन टाकतो, म्हणून तिथली फट सरळ खाली उघडणारी, उभी असली तरी चालतं. फिक्सीत डिरेलर नाही. स्प्रिंगचा चेन-टेन्शनर लावावा तर पायांनी मागे रेटताच चेनची खालची बाजू ताणली जाते आणि टेन्शनर वाकतो किंवा तुटतो. म्हणजे चेन ताणायला एकच मार्ग उरतो, अख्खं चाक मागे सरकवणं. त्यासाठी फट आडवी हवी. ट्रॅकच्या फ्रेमला ती मागच्या बाजूला उघडते, जुन्या रेसर फ्रेमला पुढच्या बाजूला, दोन्ही चालतात. उभ्या फटीची फ्रेम कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. तिच्यासाठी उत्केंद्री आसाचे खास हब मिळतात, पण त्यांची किंमत पाहिली की स्वस्त फ्रेमचा आनंद संपतो. ऑनलाइन जुन्या बाजारात पडून असलेल्या गिअरवाल्या माउंटन बाइकच्या बहुतेक फ्रेम याच एका कारणाने बाद होतात.

दुसरं माप मागच्या दोन ड्रॉपआउटमधल्या अंतराचं. ट्रॅक हब १२० मिलिमीटरचा असतो. जुन्या रोड सायकलींत ते अंतर १२६, नंतरच्यांत १३०, माउंटन बाइकमध्ये १३५. साध्या काळ्या सायकलीत बहुधा १२० पेक्षाही कमी भरतं. फ्रेम पोलादाची असेल तर चार-सहा मिलिमीटरचा फरक जाणकार कारागीर फ्रेम थोडी फाकवून किंवा दाबून घालवतो, पुढे-मागे वायसर घालूनही भागतं. अ‍ॅल्युमिनिअमवर हा प्रयोग करू नये. ते वाकत नाही, तडकतं. म्हणून दुकानात जाताना खिशात मोजपट्टी असावी. दुकानदार हसला तर हसू द्या.

फ्रेम मिळवायचे मार्ग तीन. पहिला घरातला. माळ्यावर, जिन्याखाली किंवा गावाकडच्या वाड्यात पडलेली अ‍ॅटलास, हीरो किंवा बीएसए. पितळी झाळ दिलेली लगची फ्रेम, आडवी खाच, चेन ताणायची पट्टी, सगळं आयतं असतं. वजन भरपूर, पण शहरातल्या सपाट रस्त्याला ते फारसं नडत नाही. नडतं ते माप. या फ्रेम बावीस आणि चोवीस इंची यायच्या. बावीस म्हणजे छप्पन्न सेंटिमीटर, चोवीस म्हणजे एकसष्ट. लहानपणी दांडीखालून पाय घालून चालवलेली ती चोवीस इंची होती, आणि मोठेपणीही ती सरासरी उंचीच्या माणसाला मोठीच पडते. फिक्सीवर सिग्नलला अचानक पाय टेकावा लागतो. तेव्हा दांडी आणि जांघ यांत दोन-तीन सेंटिमीटर मोकळे नसतील तर काय होईल ते लिहायची गरज नाही.

या फ्रेमला चाकं बदलताना एक हिशेब करा. जुनी चाकं २८ गुणिले दीड इंची, रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर. नव्या ७००सी रिमचा ६२२, आणि टायरही बारीक. ७०० गुणिले २८ चे टायर लावले तर सायकल जमिनीकडे जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर खाली बसते, आणि पेडलही तेवढंच खाली येतं. शिवाय जुने दांडीचे ब्रेक निकामी होतात आणि लांब हाताचा कॅलिपर शोधावा लागतो. माझं मत विचाराल तर जुन्या फ्रेमला जुनीच चाकं ठेवावीत, फक्त हब बदलून आरे नव्याने विणून घ्यावेत. चाक विणणारा आणि आउट नीट काढणारा कारागीर तुमच्या पेठेत अजून असेल तर हे सगळ्यात स्वस्त काम आहे.

दुसरा मार्ग जुन्या पोलादी रेसरचा. पाहायला देखणी, चालवायला हलकी, आणि आपल्याकडे दुर्मीळ. एखाद्या जुन्या विलायती फ्रेमवर ‘रेनॉल्ड्स ५३१’ असं चिकटपत्र दिसलं तर ती भंगारवाल्याला देऊ नका. १९३५ मध्ये आलेली ही मँगनीज-मॉलिब्डेनमची नळी पुढची कित्येक दशकं रेसिंग फ्रेमची पहिली पसंती होती.

तिसरा मार्ग दुकानातला. सुटी फ्रेम परदेशातून मागवली की वाहतूक आणि कस्टम मिळून आकडा असा फुगतो, की त्यात इथे अख्खी सिंगल-स्पीड सायकल येऊ शकते. पहिल्यांदाच फिक्सी घेणाऱ्याला माझा सल्ला म्हणून असा, की फ्लिप-फ्लॉप हबची तयार पोलादी सायकल घ्या. या हबच्या एका बाजूला फ्रीव्हील बसतं, दुसऱ्या बाजूला फिक्स्ड चक्र. जमलं नाही तर चाक उलटं करून बसवायचं आणि साध्या सायकलीसारखं चालवायचं. सुटे भाग एकेक करून जमवण्यात मजा आहे, बचत नाही. पेडल, बेअरिंग, सीटचा दांडा, हेडसेट अशी यादी निघत राहते आणि दर वेळी एखादं माप जुळत नाही.

धातूबद्दल दुकानात बरंच ऐकवलं जातं. त्यातलं कामाचं थोडं आहे. स्वस्त पोलादी फ्रेम हाय-टेन्साइलची असते, त्याहून बरी ४१३० क्रोमोलीची. क्रोमोली जास्त मजबूत, म्हणून नळी पातळ घेता येते आणि फ्रेम हलकी होते. मात्र पुष्कळदा क्रोमोलीच्या फक्त तीन मुख्य नळ्या असतात, चिमटा आणि मागचा त्रिकोण हाय-टेनचा. चिकटपत्रावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. अ‍ॅल्युमिनिअम हलकं आणि ताठ, पण खड्ड्यांचे हादरे जास्त देतं आणि तडकलं तर गल्लीतला वेल्डर ते जोडू शकत नाही. पोलाद जोडता येतं, कोल्हापुरातही आणि कणकवलीतही. आपल्या रस्त्यांसाठी आणि आपल्या खिशासाठी पोलाद, इथे मला शंका नाही.

माप घ्यायची रीत सोपी. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाडसं पुस्तक पायांमध्ये सीटसारखं वर दाबायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. त्या सेंटिमीटरना ०.६५ ने गुणलं की सीटच्या नळीची लांबी अंदाजे मिळते. ऐंशी भरले तर बावन्न. पाच फूट सहा-सात इंचाच्या माणसाला साधारण ५२ ते ५४ ची फ्रेम बसते. पण सीट वरखाली करता येते, दांडीची लांबी बदलता येत नाही. दांडी लांब असेल तर हँडल गाठायला वाकावं लागतं आणि महिनाभरात मान, खांदे, मनगटं बोलू लागतात. म्हणून आकड्यावर विसंबू नका, दहा मिनिटं चालवून पाहा.

चालवताना मुद्दाम दोन गोष्टी तपासा. वळणावर साध्या सायकलीत आपण आतल्या बाजूचं पेडल वर धरतो. फिक्सीत पाय थांबतच नाहीत, पेडल खाली येणार म्हणजे येणार. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस जिथे फिरतो तो भाग, बुटका असेल तर पेडल रस्त्याला घासतं आणि मागचं चाक उचललं जातं. ट्रॅकच्या फ्रेममध्ये तो मुद्दाम उंच असतो. रोडच्या फ्रेमची फिक्सी करत असाल तर १७० ऐवजी १६५ मिलिमीटरचे क्रँक लावा. दुसरं, हँडल वळवून पुढचं चाक बुटाच्या टोकाला लागतं का ते बघा. वेगात ते जाणवत नाही. गर्दीत, हळू वळताना लागतं आणि माणूस जागच्या जागी आडवा होतो. लहान मापाच्या फ्रेममध्ये हा दोष जास्त आढळतो.

आणि चिमट्याला ब्रेकचं भोक आहे ना? खऱ्या ट्रॅक फ्रेमला ते नसतं, ट्रॅकवर ब्रेक चालतच नाहीत. रस्त्यावर पुढचा ब्रेक हवाच, त्यात वाद घालू नये. २०१६ मध्ये लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्सीची धडक बसून एका पादचारी महिलेचा मृत्यू झाला आणि पुढच्या वर्षी त्या स्वाराला १८ महिन्यांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये फिक्स्ड चाक हाच मागचा ब्रेक धरला जातो, पुढचा मात्र सक्तीचा आहे. जर्मनीत तर दोन स्वतंत्र ब्रेक लागतात. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी सायकल घेताना हे लक्षात ठेवावं.

उताराचंही गणित मांडून दाखवतो. पुढे ४४ दाते, मागे १८, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५.१ मीटर जाते. ताशी ३० ला पाय मिनिटाला ९७ फेऱ्या मारतात, ते जमतं. कात्रजच्या घाटात ताशी ४० झाले की १३० फेऱ्या होतात, आणि थांबायची सोय नाही. तिथे ब्रेक लावूनच उतरायचं. शहरासाठी ४४-१८ किंवा ४६-१८ च्या आसपास राहा. पायांनी चाक अडवून घसरवायची हौस असेल तर ४८-१६ टाळा. ३ ला १ असं गुणोत्तर आलं की टायर दर वेळी त्याच एका जागी घासतं आणि तिथेच फाटतं. मागे १७ दाते घेतले तर घासण्याच्या जागा १७ होतात.

जुनी सुटी फ्रेम घ्यायची असेल, पुण्याच्या जुन्या बाजारातून असो की कुणाच्या गॅलरीतून, तर ती डोळ्यांपेक्षा बोटांनी तपासा. पुढच्या आडव्या आणि तिरप्या नळीच्या खालच्या बाजूने, हँडलच्या नळीला जिथे जोड आहे तिथून मागे बोट फिरवा. फुगवटा, सुरकुती किंवा रंगाची आडवी चीर हाताला लागली तर फ्रेम समोरून आदळलेली आहे, ठेवून द्या. मग दोऱ्याची कसोटी. मागच्या एका ड्रॉपआउटला दोरा बांधायचा, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणायचा, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालेल, पाच-सहाचा नाही. सीटचा दांडा हलतो का पाहा. गंजून अडकलेला दांडा काढताना फ्रेमच जाते. बॉटम ब्रॅकेटचे आटे शाबूत हवेत. ते उघडताना चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, हे नवख्या कारागिराला आठवण करून द्या, नाहीतर जोर लावून तोच आटे घालवतो. वरवरचा गंज, पोपडे, छोटा पोचा यांना भिऊ नका. उलट त्यांच्यावर बोट ठेवून भाव पाडा.

एक जुगाड मात्र करू नका. फिक्स्ड चक्राचे आटे आणि साध्या हबवरचे फ्रीव्हीलचे आटे एकाच मापाचे, १.३७ इंच व्यासाचे. त्यामुळे साध्या हबवर फिक्स्ड चक्र बसतं आणि काम फुकटात झाल्यासारखं वाटतं. पण ट्रॅक हबवर चक्राबाहेर उलट्या आट्यांची एक लॉकरिंग असते. पाय मागे रेटला की चक्र सुटू पाहतं आणि ही रिंग त्याला अडवते. साध्या हबवर तिच्यासाठी आटेच नाहीत. चक्र ऐन गरजेच्या वेळी सुटतं, आणि तुम्ही पायांच्या ब्रेकवर विसंबलेले असता.

आता चोरी. फिक्सी हलकी असते. मागे बसलेल्याने ती एका हाताने धरली की स्कूटरवरून कुठेही नेता येते. म्हणून काळ्या सायकलीला असायचं तसं फक्त मागचं चाक अडवणारं कुलूप इथे उपयोगाचं नाही. सायकल चालवता आली नाही तरी उचलता येते. तारेचं नंबरचं कुलूप तर कुलूप म्हणूनच धरू नये. हातातल्या कटरने ते काही सेकंदांत तुटतं. सायकलच्या किमतीचा निदान दहावा हिस्सा कुलपावर खर्च करावा असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आपल्याकडच्या स्वस्त फिक्सीसाठी मी तो अजून वर नेईन, कारण चांगलं कुलूप पुढच्या सायकललाही कामाला येतं.

घ्यायचं ते यू-लॉक, आणि लहान. मोठ्या यू-लॉकच्या पोकळीत पहार किंवा जॅक घालून ते फाकवता येतं. लहान कुलूप चाक, फ्रेम आणि खांब यांनी भरून गेलं की हत्याराला जागाच राहत नाही. दांडा १३ मिलिमीटर किंवा जास्त, कडक केलेल्या पोलादाचा, आणि दोन्ही टोकांना अडकणारा हवा, म्हणजे सोडवायला दोनदा कापावा लागतो. ब्रिटनच्या ‘सोल्ड सिक्युअर’ची श्रेणी पाकिटावर असेल तर बरं. ज्याची किल्ली गोल नळीसारखी आहे ते घेऊ नका. २००४ मध्ये क्रिप्टोनाइटसारख्या नामांकित कंपनीची अशी कुलपं साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात हे उघड झालं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. आपल्या बाजारात तसल्या किल्लीची कुलपं अजून टांगलेली दिसतात. बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे बहुतेक यू-लॉक मिनिट-दोन मिनिटांत हार मानतात, हेही सांगायला हवं. ग्राइंडरला पुरून उरणारी कुलपं निघाली आहेत, पण त्यांची किंमत आपल्या सायकलीएवढी.

बांधायची जागा मागचं चाक. अमेरिकी मेकॅनिक आणि लेखक शेल्डन ब्राउन यांनी सांगितलेली युक्ती अशी, की यू-लॉक मागच्या त्रिकोणाच्या आत रिमभोवती घालून खांबाला अडकवायचं. चाक त्या त्रिकोणातून बाहेर निघत नाही, म्हणून फ्रेमही सुटत नाही, आणि फिक्सीचं सगळ्यात महाग चाकही वाचतं. सीटची नळीही त्यात मावली तर उत्तम. पुढच्या चाकाला नट असले तरी १५ नंबरचा पान्हा कुणाकडेही असतो, तेव्हा त्याच्यातून साखळी ओवून यू-लॉकमध्ये घ्या. सीटच्या अ‍ॅलन बोल्टच्या खळग्यात मापाचा छर्रा बसवून वर मेणबत्तीचं मेण ओता. खिळ्याने उकरून काढता येतो, पण घाईतला चोर पुढच्या सायकलकडे वळतो.

बांधायच्या आधी खांब हलवून आणि वर पाहून घ्या. ‘नो पार्किंग’चा खांब कित्येकदा नुसता मातीत रोवलेला असतो आणि सायकलसकट वर उपसता येतो. जिन्याचा पातळ कठडा, झाड, जाळीचं कुंपण, सगळं बाद. माझ्या पाहण्यात सायकली जास्त जातात त्या रस्त्यावरून नव्हे, सोसायटीच्या पार्किंगमधून, जिथे वॉचमन आणि कॅमेरा आहे म्हणून कुणी बांधतच नाही. कॅमेऱ्यात फक्त टोपी दिसते. पार्किंगच्या भिंतीत काँक्रिटमध्ये बसवलेली एक जाड कडी सगळ्यांच्या सायकलींना पुरते. कमिटीला अर्ज करा, दोन सभा जातील, पण करा. ते होईपर्यंत सायकल घरात, भिंतीवर टांगून.

फ्रेमवरची चिकटपत्रं काढून टाकणं आणि नळ्यांना जुनी ट्यूब गुंडाळणं हा फुकटातला उपाय आहे. रंग वाचतो आणि सायकल जरा गरीब दिसते. छोटा ट्रॅकर लपवायचा तर सीटखाली लपवा, पोलादी नळीच्या आत त्याचा सिग्नल अडतो.

शेवटी कागदपत्रं, कारण चोरी झाल्यावर तीच बोलतात. फ्रेमचा क्रमांक बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला असतो. सायकल उलटी करून त्याचा फोटो काढा, आणि सायकलबरोबर तुमचाही एक. नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी गुंडाळून सीटच्या नळीत टाका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र ठरते. म्हणजे पोलीस ठाण्यात तुमची सायकल किती किमतीची हे सिद्ध करता येणं महत्त्वाचं. सुट्या भागांनी बांधलेल्या फिक्सीचं एकच बिल नसतं, तेव्हा प्रत्येक भागाची पावती जपा. जुनी फ्रेम घेत असाल तर विकणाऱ्याकडून क्रमांक टाकून दोन ओळींची सही केलेली पावती घ्या. क्रमांक घासून काढलेला असेल तर भाव कितीही उतरला तरी घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.